बागेतल्या जुन्या ट्रॅक्टरची केबल: पंप खोलण्याआधी या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणीनंतर दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत छोट्या ट्रॅक्टरला उसंत नसते. आज ब्लोअरने फवारणी, उद्या पुन्हा ब्लोअर. नेमक्या याच दिवसांत १८-२० एचपीच्या जुन्या ट्रॅक्टरबद्दल तक्रार सुरू होते, ‘दम राहिला नाही, ब्लोअरची हवा कमी पडते.’ मग मिस्त्री डिझेल पंपाकडे वळतात, पंप उतरतो, कॅलिब्रेशनला जातो, आणि फवारणीचे दिवस हातचे जातात. कित्येकदा दोष असतो तो एक्सिलेटरच्या केबलमध्ये.

ब्लोअरला पीटीओचे, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टचे, मिनिटाला ५४० फेरे लागतात. हँड एक्सिलेटर तुम्ही पूर्ण ओढलात, पण पंपावरचा आर्म, म्हणजे केबलने हलणारा छोटा दांडा, अर्धा इंच अलीकडेच थांबला, तर तेवढे फेरे कधीच मिळणार नाहीत. वेलीच्या आतली पानं कोरडी राहतात आणि डावणी रोगाला तिथेच वाट मिळते.

म्हणून आधी हे तपासा. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक लावलेला. एकाने लिव्हर पूर्ण ओढून धरावा, दुसऱ्याने पंपाजवळ बघावं: आर्म मॅक्सच्या स्क्रूला, म्हणजे इंजिनाच्या जास्तीत जास्त फेऱ्यांची मर्यादा ठरवणाऱ्या स्क्रूला, टेकतो का? टेकत नसेल तर केबल आर्मवरून सोडवा आणि आर्म हाताने ढकला. हाताने सहज टेकला, तर पंपाकडचा रस्ता मोकळा आहे, अडचण केबलची. तो मॅक्सचा स्क्रू मात्र फिरवू नका. त्याला तार आणि सील असतं ते उगीच नाही. केबलची कसर तिथे भरून निघत नाही, आणि पुढे केबल नीट झाली की इंजिन गरजेपेक्षा जास्त पळू लागतं.

आता लगेच नवी केबल आणायला धावू नका. लिव्हर हलवताना केबलच्या बाहेरच्या नळीकडे, म्हणजे आउटरकडे, नजर ठेवा. आउटर दोन्ही टोकांना घट्ट बसलेला असेल तरच आतली तार काम करते. क्लॅम्प ढिला असेल तर ओढ तारेला बसतच नाही, आउटरच पुढे-मागे सरकतो. जुन्या ट्रॅक्टरवर धक्क्यांनी हा क्लॅम्प हमखास सैल होतो, किंवा कुणीतरी तो काढून तिथे बाइंडिंग तार गुंडाळलेली असते. नीट मापाचा क्लॅम्प लावला की पुष्कळ ‘खराब’ केबली चांगल्या निघतात.

क्लॅम्प ठीक असेल तर केबल दोन्ही टोकांनी सोडवून तार हाताने ओढा. सगळीकडे सारखीच जड लागत असेल तर आत गंज किंवा कचरा आहे. फवारणीच्या बोर्डो मिश्रणातलं मोरचूद लोखंड खातं, आणि प्रेशरने धुताना पाणी थेट आउटरच्या तोंडात जातं. एकाच जागी अडकत असेल तर तिथे आउटर मुडपलाय, बॉनेटखाली दाबला गेलाय किंवा सायलेन्सरजवळ वितळलाय. ती केबल बदलावीच लागते.

जड केबलीत ग्रीस कोंबणं ही सर्रास दिसणारी चूक. ग्रीस धूळ धरतं आणि थंडीत घट्ट होतं. गंज सोडवणारा स्प्रे मारून तेवढ्यावरच थांबणंही चूक, कारण तो उडून जातो आणि तार कोरडीच राहते. केबल उभी टांगा, वरच्या टोकाला प्लॅस्टिक पिशवीचा कोपरा कापून घट्ट बांधा आणि त्यात पातळ ऑइल ओता. खालून आधी काळं पाणी येईल, मग स्वच्छ ऑइल. तोवर तार वर-खाली करत राहा. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलला मात्र ऑइल-ग्रीस घालू नका.

निप्पलपाशी, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या गुंडीपाशी, तारेचा एक जरी पदर तुटलेला दिसला तर केबल बदला. जुनी केबल दुकानात सोबत न्या, आउटरची आणि उघड्या तारेची लांबी दोन्ही जुळवा. लांब केबलचं वेटोळं करून बसवलं की पहिल्या दिवसापासून ती जड चालते. आणखी एक, तार एकसंध आहे की पिळाची ते बघा. एकसंध तार ओढतेही आणि ढकलतेही. तिच्या जागी सायकलच्या ब्रेकची पिळाची तार टाकली तर ती फक्त ओढेल, ढकलताना वाकेल.

लिव्हर सोडताच आपोआप मागे येत असेल तर केबलला दोष देऊ नका. लिव्हरच्या बुडाशी असलेली घर्षणाची चकती झिजलेली असते किंवा तिचा नट सैल असतो. तिथे सुतळी बांधून काम चालवणं धोक्याचं आहे. ओळीच्या टोकाला वळताना एक्सिलेटर झटकन कमी करता आला पाहिजे.

इंजिन बंद करणाऱ्या स्टॉप केबलची तपासणीही अशीच. ती पूर्ण मागे गेली नाही तर डिझेल कमी मिळतं, स्टार्टिंग जड होतं. पूर्ण ओढली गेली नाही तर इंजिन बंद होत नाही. मग गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन दाबून बंद करणारे बरेच असतात. तसं न करता पंपावरचा स्टॉप आर्म हाताने सरकवा, मात्र फॅन आणि पट्ट्यापासून हात-बाही लांब ठेवून. केबल बसवल्यावर आयडलला दोन-तीन मिलिमीटर ढील राहू द्या, चेक नट कसा, आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, बॉनेट लावून, लिव्हर पुन्हा एकदा ओढून बघा.