नाथसागरावर सहल: आधी टक्का बघा, मग जागा ठरवा

पैठणला सहल काढायची म्हटलं की घरात पहिली चर्चा डब्याची होते. मी मात्र आधी विचारते, जायकवाडी धरण आज किती टक्के भरलंय? पावसाळ्यात हा आकडा पेपरात रोज असतो, एरवीही शोधला की मिळतो. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना तो बघायची सवयच आहे, कारण पिकाचं आणि नळाचं गणित त्याच्यावर चालतं. सहलीचंही त्याच्यावरच चालतं.

नाथसागराला, म्हणजे या धरणाच्या जलाशयाला, एका जागी थांबणारा काठ नाही. धरण पूर्ण भरलं की पाणी साधारण ३५० चौरस किलोमीटरवर पसरतं, पण जलाशय उथळ आहे. त्यामुळे पातळी थोडी उतरली तरी पाणी लांबवर मागे सरतं. सप्टेंबरात तुम्ही जिथं पाण्याशी बसलात, तिथं मार्च-एप्रिलात कुणीतरी टरबुजं नाहीतर काकडी लावलेली असते. याला गाळपेरा म्हणतात. म्हणून मागच्या वर्षीचा फोटो किंवा कुणी पाठवलेलं लोकेशन बघून मुलाबाळांना घेऊन निघू नका.

टक्का नव्वदच्या वर असेल तर पाणी रस्त्यांच्या जवळ असतं, म्हाताऱ्या माणसांना गाडीतून उतरून दहा पावलांत बसता येतं. पक्षी मात्र तेव्हा कमी दिसतात, कारण त्यांना चालायला उथळ पाणी आणि चिखल लागतो. पाणी थोडं उतरलं, थंडी पडली, की डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. मार्चनंतर ऊन्ह सोसत नाही, आणि काठापर्यंत जायला सुकलेल्या गाळातून बरीच पायपीट होते. लहान मूल कडेवर असेल तर मार्च ते मे हा बेत आखूच नका.

आता जागा. छत्रपती संभाजीनगरहून चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत पैठण साधारण पन्नास किलोमीटर. पैठणच्या अलीकडे पिंपळवाडीच्या बाजूला उजव्या हाताचे रस्ते जलाशयाकडे उतरतात. पक्ष्यांसाठी मला हा काठ सगळ्यात आवडतो, आणि त्याला कारण आहे. इथं पाणी तुमच्या पश्चिमेला असतं. सकाळी सूर्य पाठीमागे राहतो, उजेड थेट पक्ष्यांवर पडतो आणि रंग स्वच्छ दिसतात. दुपारनंतर तेच ऊन पाण्यावरून डोळ्यात येतं, मग समोर नुसत्या काळ्या आकृत्या उरतात. म्हणून घरातून सहाला निघा, साडेसातपर्यंत काठावर पोचा. आत्याबाईंना गुडघ्याचा त्रास आहे, त्या सतरंजीवर बसूनच बघतात, आणि चित्रबलाक करकोचा सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो.

मुलांना आधी चार पक्षी शिकवून न्या, चाळीस नकोत. लांब गुलाबी पायांचा, काळा-पांढरा शेकाट्या पटकन ओळखू येतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेलं हंसासारखं पाखरू म्हणजे पट्टकादंब. तो हिमालय ओलांडून येतो, हे सांगितलं की मुलं गप्प बसून बघतात. भगव्या-तांबूस रंगाचा चक्रवाक बहुतेक जोडीनं असतो. आणि नशिबात असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. रोहित दरवर्षी त्याच ठिकाणी, तेवढेच येत नाहीत, तेव्हा मुलांना वचन देऊ नका. एक साधी दुर्बीण सगळ्यांत फिरवली तरी पुरते.

हा सगळा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तेव्हा चूल पेटवायची नाही, मोठ्यानं गाणी लावायची नाहीत, आणि थवा उडालेला बघायला म्हणून पोरांनी त्याच्या अंगावर धावायचं नाही. लांबून आलेलं पाखरू इथं पोट भरायला उतरतं. त्याला चार वेळा उडवलं तर खाल्लेलं सगळं उडण्यातच जातं.

गाडी काठापर्यंत न्यायचा मोह आवरा. गाळ वरून वाळलेला, भेगा पडलेला दिसतो, आत मऊ असतो. रस्त्यालगत जो भेटेल त्याला विचारायचं, "दादा, पाणी कुठवर आहे?" उत्तर मिळतं, "लई मागं सरलंय ताई. गाडी इथंच ठिवा, पुढं फसंल." हे ऐका. आणि पेरलेल्या रानातून चालायचं नाही, बांधानं जायचं.

पाण्यात उतरायचं नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. हे मी कुणाच्या भीतीपोटी सांगत नाही. या पाण्याखाली शंभराहून जास्त गावांच्या जमिनी गेल्या, माझ्या आजोळचं शिवारही त्यात आहे. त्या शिवारांतल्या विहिरी, खड्डे, नाले आत तसेच आहेत, वरून पाणी एकसारखं दिसतं. पट्टीचा पोहणाराही गाळात पाय रुतला की काही करू शकत नाही. होडीत बसणार असाल तर अंगात लाइफ जॅकेट हवं. ते नसेल तर बसू नका, मुलं कितीही रडली तरी.

बरोबर वयस्कर माणसं जास्त असतील, किंवा टक्का फार खाली असेल, तर काठाचा हट्ट सोडा आणि पैठण गावातच दिवस काढा. एकनाथ महाराजांचं समाधी मंदिर, जुना वाडा, नागघाट हे सगळं निवांत फिरता येतं. फाल्गुन वद्य षष्ठीच्या आसपास मात्र नाथषष्ठीची यात्रा असते, लाखो वारकरी येतात. दर्शनाला या, पण त्या दिवसांत सहल म्हणून येऊ नका. संत ज्ञानेश्वर उद्यान चालू आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारा. तीच गोष्ट धरणाच्या भिंतीची. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत आहे, बघावीशी वाटते, पण वर जाऊ देतील या भरवशावर कार्यक्रम आखायचा नाही. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. घरातल्या सत्तरीच्या पुढच्या माणसांना त्याबद्दल विचारा, आठवणी निघतात.

धरणाच्या खाली, गोदावरीच्या काठानं आपेगाव आहे, ज्ञानेश्वर महाराजांचं. शांत जागा, डबा खायला चांगली. फक्त पावसाळ्यात आणि दरवाजे उघडे असताना नदीपात्रात उतरू नका. धरणाला २७ दरवाजे आहेत, विसर्ग वाढवला की पात्र बघता बघता भरतं. २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठण गावात पाणी शिरलं होतं, ते इथली माणसं विसरलेली नाहीत.

जलाशयाचं दुसरं टोक कायगाव टोक्याला. नगरच्या रस्त्यानं गेलं की प्रवरा गोदावरीला मिळते तिथं हे ठिकाण येतं. पलीकडे टोक्याचं सिद्धेश्वराचं अठराव्या शतकातलं दगडी मंदिर आहे, त्यावरचं कोरीव काम मुलांना जवळून दाखवा. मंदिराच्या आवारात सावली मिळते, जी बाकी काठावर कुठंच नाही. मासे खाणाऱ्यांसाठी हायवेवर ताजा मासा तळून देतात. हायवे मोठा आहे, मुलांचा हात सोडू नका.

सावलीवरून आठवलं. काठावर वेड्या बाभळीशिवाय झाड नसतं, आणि तिच्याखाली काटे. म्हणून ताडपत्री खाली, सतरंजी वर, आणि चार कोपऱ्यांवर दगड, कारण दहानंतर वारा सुटतो. चपला नकोत, जाड तळाचे बूट घाला. पाणी माणशी तीन लिटर घरूनच भरून न्या, काठावर दुकान नाही. बायकांसाठी तर आधीच सांगते, काठावर कसलीही सोय नाही. पैठण किंवा बिडकीनला चांगलं हॉटेल बघून थांबा, मगच पुढे जा. याबद्दल कुणी बोलत नाही, आणि दिवसभर पाणी न पिता बायका बसून राहतात.

डब्याला धपाटे घ्या. ज्वारीच्या पिठाचे, मेथी किंवा कांदा घातलेले, ते संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. पोरांसाठी गुळाच्या दशम्या. शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही, कांदा. रस्सा आणि भात टाळा, वाऱ्यात धूळ पडते आणि भांडी वाढतात. भांडी जलाशयात धुवायची नाहीत, राखेनंसुद्धा नाही, साबणानं तर नाहीच. हेच पाणी संभाजीनगर शहराला पाइपनं येतं, जालन्याला जातं, आणि डाव्या कालव्यानं परभणीपर्यंत शेतात पोचतं. खरकटी ताटं पिशवीत भरा, घरी आल्यावर घासा. पक्ष्यांना पोळीचे तुकडे टाकायचे नाहीत.

दीड-दोनला काठ सोडा. परतताना पैठणमध्ये पैठणी विणताना बघता येते, मागावर एक पदर किती दिवस घेतो ते मुलींना विणणाऱ्यांकडूनच ऐकू द्या. घ्यायची नसेल तर तसं आधी सांगावं, त्यांचा वेळ मोलाचा आहे.

जानेवारीत जाणार असाल तर वाटेवरच्या एखाद्या शेतकऱ्याकडे हुरड्याचं दोन दिवस आधी सांगून ठेवा. कणसं भाजायला आगटी त्यांच्याच रानात असते, तुम्ही फक्त गूळ आणि चटणी न्यायची. माणसं किती ते नेमकं कळवा, आणि पैसे विचारून, घासाघीस न करता द्या.