यूपीव्हीसी खिडकीची ऑर्डर देण्याआधी

जुनी लाकडी खिडकी काढून यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, बसवणार असाल, तर माप जुन्या चौकटीचं नको, भिंतीतल्या मोकळ्या जागेचं द्या. रुंदी वर, मध्ये, खाली मोजा आणि सर्वांत कमी आकडा धरा; उंचीचंही तसंच. कर्णही मोजा, जुन्या इमारतींत कोपरे क्वचितच काटकोनात असतात. प्रोफाइलच्या, म्हणजे चौकटीच्या पोकळ पट्टीच्या, आत गॅल्व्हनाइज्ड स्टील आहे ना, हे कापलेला नमुना मागवून स्वतः बघाच.

मुंबई-कोकणच्या तिरक्या पावसाला सरकत्या खिडकीपेक्षा बिजागरीची बरी. तिचा पल्ला रबरावर घट्ट दाबून बसतो, पाण्याला वाट राहत नाही. मात्र बाहेर ग्रिल असेल तर पल्ला उघडेल का, ते आधी तपासा. सरकतीच हवी असेल तर खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायची भोकं हवीतच, आणि मच्छरजाळीचा तिसरा ट्रॅक ऑर्डरमध्येच लिहून घ्या. नंतर तो जोडता येत नाही.