सरकारी दवाखान्यातल्या लेकरांना खेळणी न्यायची असतील तर

पोलिओ वॉर्डातल्या लेकरांना खेळणी न्यायची, असं कुणी कुणी म्हणतं, पण पोलिओ वॉर्ड म्हणून आता आपल्याकडं काही राहिलं नाही, देशातली नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूची शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण अचानक पाय लुळे पडलेली लेकरं आजही ॲडमिट होतात. पंधरा वर्षाच्या आतलं असं लेकरू आलं की शौचाचे नमुने पोलिओसाठी तपासायला जातातच, मग कुणाला जीबीएस (गुलेन-बारी सिंड्रोम, नसांचा आजार) निघतं आणि आठवडे न आठवडे खाटेवर जातात. छत्रपती संभाजीनगरची घाटी असो, नांदेडचा सरकारी दवाखाना असो की अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय, या लेकरांसाठी काही न्यायचं मनात असेल तर खेळणी घ्यायच्या आधी वॉर्डात विचारा.

सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, परवानगीचं त्यांच्याशी बोला, मग इन्चार्ज सिस्टरना भेटा. सकाळी नका जाऊ, राऊंड आणि ड्रेसिंगची गडबड असते. लेकरं किती, वय काय, कुणाचा कोणता हात चालतो आणि कुणाजवळ जायचंच नाही, एवढं लिहून घ्या.

हाताचं का म्हणतोय तर उजव्या हाताला सलाईन, खाली पुठ्ठा बांधलेला, अशा लेकराला दोन हातांनी जोडायचे ब्लॉक दिले तर ते नुसतं बघत बसतं. एका हातानं खेळता येईल असं द्या, आणि पाठीवर झोपून असलेल्याला चेंडू किंवा गाडी दिली की दर मिनिटाला खाली पडते, आई बिचारी वाकून वाकून थकते, म्हणून खेळणं नाडीनं कॉटच्या दांड्याला बांधून द्या, नाडी मात्र आखूड ठेवा, गळ्यापर्यंत पोचायला नको. बोटं अशक्त असतील तर जाड खडू. भिंगरी किंवा साबणाचे फुगे फिजिओथेरपीवाल्यांना विचारून न्या, फुंकण्यानं छातीचा व्यायाम होतो.

टेडी कितीही गोड दिसला तरी नको, धुता येत नाही लवकर. साबणानं धुवून उन्हात वाळवता येईल तेच घ्या, नवं असलं तरी धुवूनच न्या. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघून घ्या. बटण सेलवालं काहीच नको, गिळलं तर दोन तासात अन्ननलिका भाजते. रबरी फुगे पण नकोत, फुटलेला तुकडा घशात अडकतो.

फोटो काढू नका हो, लेकरू आजारी आहे, आईचा चेहरा उतरलेला आहे, ते ग्रुपवर टाकायची गोष्ट नाही. एक खेळणं हातात कोंबून पुढं जाण्यापेक्षा दोन-तीन समोर धरा, त्याला निवडू द्या, आणि जवळ बसून एक डाव खेळा. सोबत आलेलं भावंड कॉटच्या पायथ्याशी बसलेलं असतंच, त्याच्यासाठी पण काहीतरी ठेवा.

निघताना आईला स्पष्ट सांगा, ताई हे तुमचंच आहे, सुट्टी झाली की घरी न्या, नाहीतर दवाखान्याचं समजून बऱ्याच जणी ठेवून जातात. आणि चार-पाच खेळणी सिस्टरजवळ जास्तीची द्या, रात्री जे ॲडमिट होतं त्याच्यासाठी.