गॅसचा वास येतोय? या चुका टाळा

"मघाशी येत होता वास, आता नाही येत." गॅसगळतीच्या बाबतीत यासारखं फसवं वाक्य नाही. नाक एकाच वासाला थोड्या वेळात सरावतं. गॅस तिथेच असतो, जाणवायचा तेवढा थांबतो. एलपीजीला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र दर्पाचं रसायन मिसळतात. म्हणून तासभर स्वयंपाकघरात असलेल्यापेक्षा नुकत्याच बाहेरून आलेल्याच्या नाकावर भरवसा ठेवा. सर्दी झालेल्याला तर विचारूच नका.

"सिलिंडर संपत आला की वास येतोच" हे अर्धसत्य आहे. तळाशी उरलेल्या गॅसमध्ये त्या रसायनाचं प्रमाण वाढतं, हे खरं. पण वास बाहेर येतोय म्हणजे कुठून तरी गॅसही येतोय.

यापेक्षा घातक चूक हाताच्या सवयीची. वास आला की हात आपसूक एक्झॉस्ट फॅनच्या बटणाकडे जातो. ठिणगी बटण लावताना पडते, तशी बंद करतानाही पडते. तेव्हा चालू आहे ते चालू राहू द्या, बंद आहे ते बंद. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, फोनही बाहेरूनच. हवेत साधारण 2 टक्के एलपीजी झाला तरी तो पेट घेऊ शकतो. शिवाय तो हवेपेक्षा जड, त्यामुळे ओट्याखाली, जमिनीलगत साचतो. पाइपलाइनचा नैसर्गिक गॅस उलट हलका, तो छताकडे जातो.

काडी ओढून गळती शोधणाऱ्यांना काय म्हणावं! वास अगदी पुसट असेल, तर आधी खोली हवेशीर करा, कुठेही ज्योत नको. मग शेगडीचे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि त्याच्या जोडावर, नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगत राहिले की गळती तिथेच. रेग्युलेटर बंद करून नळी टोकाशी किंचित वाकवून बघा. सरळ असताना न दिसणाऱ्या बारीक भेगा तेव्हा उघड्या पडतात. अशा नळीला चिकटपट्टी गुंडाळू नका, ती बदलाच. सिलिंडरच्या तोंडाशीच बुडबुडे आले, तर बहुधा आतला वायसर गेलेला असतो. तो स्वतः टोकरू नका, मेकॅनिकला बोलवा.

आणि तो आला की शेगडीचे नॉबही तपासून घ्या. बहुतेकांची तपासणी सिलिंडरपाशीच संपते.