रेकॉर्डवरून लॅपटॉपवर येताय? डीजेंनो, या चुका टाळा

टर्नटेबल विकायची घाई, ही पहिली चूक. लॅपटॉप घेतला की अनेकांना वाटतं, आता या जड पेट्यांचं काय काम? टेक्निक्सने डीजेंच्या लाडक्या एसएल-1200 टर्नटेबलचं उत्पादन 2010 मध्ये थांबवलं आणि 2016 मध्ये पुन्हा सुरू केलं, ते पूर्वीपेक्षा कितीतरी चढ्या भावात. विकणारे मग हळहळले. डिजिटलवर यायचं तर टर्नटेबल सोडावंच लागतं, असं मुळात नाहीच. 2004 मध्ये सेराटोचं स्क्रॅच लाइव्ह हे सॉफ्टवेअर आलं तेच मुळी जुनी टर्नटेबलं आणि जुना मिक्सर तसाच ठेवून गाणी लॅपटॉपमधून वाजवण्यासाठी.

रेकॉर्ड सोडली म्हणजे धर्म बुडाला, असं मानणारेही आहेत. त्यांनी गोव्याकडे बघावं. हणजुण्याच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात रात्र-रात्र वाजायचं ते कॅसेटवर आणि नंतर डॅट या डिजिटल टेपवर, कारण त्या उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड टिकत नाही. तिथला नावाजलेला डीजे गोवा गिल तर पुढेही बरीच वर्षं डॅटवरच वाजवत राहिला. साधन कुठलंही चालतं, पण ते कसं चालतं हे ठाऊक हवं.

टाइमकोड: दोष बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नसतो

लॅपटॉपमधलं गाणं टर्नटेबलवरून हाताळायला जी खास रेकॉर्ड लावतात ती टाइमकोडची. तिच्यात गाणं नसतंच. तिच्यावर शिट्टीसारखा एक सलग सूर असतो. सेराटोच्या रेकॉर्डवर तो साधारण 1 किलोहर्ट्झचा. सूर चढला-उतरला की सॉफ्टवेअरला वेग कळतो. डाव्या आणि उजव्या चॅनेलचा सूर पाव आवर्तनाने पुढेमागे असतो, त्यावरून तबकडी सुलटी फिरतेय की उलटी हे कळतं. सुरात दडवलेल्या खुणांवरून सुई नेमकी कुठे आहे ते समजतं. एवढं डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी घरीच सुटतात.

गाणं उलटं वाजतंय? डावी-उजवी तार अदलाबदल झाली आहे. आधी टर्नटेबलच्या तारेच्या टोकाच्या आरसीए पिना बघा. त्या बरोबर असतील तर हेडशेलमधल्या, म्हणजे सुई बसवतात त्या टोकाच्या भागातल्या, बारीक तारा बघा: पांढरी-निळी डावीकडची, लाल-हिरवी उजवीकडची. स्पीकरमधून गाण्याऐवजी ती कर्कश शिट्टीच येतेय? मग सिग्नल सॉफ्टवेअरपर्यंत न जाता सरळ मिक्सरमध्ये शिरतोय. इंटरफेसचं, म्हणजे टर्नटेबल आणि लॅपटॉप जोडणाऱ्या पेटीचं, थ्रू बटण तपासा.

सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये एक गोल दिसतो, त्याकडे नीट बघायची सवय लावा. स्वच्छ, गोल कडं म्हणजे सगळं ठीक. ते अंड्यासारखं लांबट झालं तर एक चॅनेल कमजोर आहे: हेडशेल काढा, त्याच्या चार टोकांवरून साधा खोडरबर फिरवा, पुन्हा घट्ट बसवा. कडं धूसर, केसाळ दिसत असेल तर सुईला धूळ चिकटली आहे किंवा सुई झिजली आहे. झिजलेली सुई गाण्याच्या रेकॉर्डवर फक्त खरखर करते. टाइमकोडवर मात्र गाणंच अडखळतं, त्यामुळे सुईचा कंजूसपणा इथे महागात पडतो. शुअर कंपनीने 2018 मध्ये काट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) बनवणं बंद केलं. त्यांच्या काट्रिजना बसणाऱ्या दुसऱ्यांच्या सुया मिळतात, पण दर्जा पारखूनच घ्या.

आता सगळ्यात जास्त घडणारी चूक: फोनो (सुईच्या कमजोर सिग्नलचं इनपुट) आणि लाइन (नेहमीच्या जोरकस सिग्नलचं) यांची गल्लत. सुईतून निघणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, म्हणून इंटरफेसचं इनपुट फोनोवर हवं. पण इंटरफेसमधून मिक्सरकडे येतो तो लाइन लेव्हलचा आवाज. तिथे जुन्या सवयीने चॅनेल फोनोवरच राहिला की आवाज फाटतो, बेस नुसता घुमतो आणि मग खापर एमपीथ्रीवर फुटतं.

टर्नटेबलच्या मागून निघणारी बारीक अर्थिंगची तार इंटरफेसच्या स्क्रूला लावायला विसरलात तर घूं असा हम येणारच. कॅलिब्रेशन, म्हणजे सॉफ्टवेअरला सुईचा सिग्नल कुठून खरा धरायचा ते ठरवून देणं, शांत खोलीत करू नका. हॉलमध्ये संगीत चालू ठेवून, सुई थांबलेल्या रेकॉर्डवर टेकवून करा, म्हणजे बेसची थरथर धरून पातळी ठरते. आणि स्टेज हलतं असेल तर रिलेटिव्ह मोड वापरा, त्यात सॉफ्टवेअर सुईची जागा न बघता फक्त वेग आणि दिशा बघतं. ॲब्सोल्यूटमध्ये सुई उडाली की गाणंही उडतं.

हम आणि ती तिसरी पिन

सगळं जोडलं, तरी हम जात नाही? लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून बघा. थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंग एकाहून जास्त वाटांनी जोडलं गेलंय. लॅपटॉप, मिक्सर, टर्नटेबल सगळं एकाच बोर्डावरून घ्या. बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं. आपल्याकडचा सर्रास उपाय म्हणजे चार्जरची अर्थिंगची पिन मोडून टाकणे किंवा दोन पिनांचा जोड लावणे. हम जातोही, पण मांडवात कुठे वायरिंगचा घोटाळा असेल तर तोच करंट मिक्सरच्या पत्र्यावर हात ठेवणाऱ्याला बसतो. हे करू नका, साउंडवाला कितीही आग्रह करो.

आता बफर, म्हणजे आवाज बाहेर पाठवण्याआधी लॅपटॉप जेवढा साठवून घेतो तो. 44.1 किलोहर्ट्झवर 512 सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण 12 मिलिसेकंदांचा उशीर, 128 चा जवळपास 3. स्क्रॅच करणाऱ्याला हा फरक हाताला जाणवतो. नुसतं मिक्सिंग करणाऱ्याला 256 पुरे. बफर अगदी तळाला नेला की लॅपटॉप धापा टाकतो आणि कट-कट आवाज येतो. वायफाय बंद ठेवा.

सिंकवर सगळा भार टाकणे

दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं सिंक बटण वाईट नाही. पण ते ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या खुणांवर चालतं, आणि ग्रिड धरतं की ठोके सारख्या अंतरावर पडतात. सत्तरच्या दशकातलं हिंदी सिनेमाचं गाणं घ्या: समोर बसलेले वादक, मेट्रोनोम नाही, अंतऱ्यात लय किंचित चढलेली. पहिल्या कडव्यात जुळलेलं गाणं दुसऱ्यात सटकतं. सहा मात्रांच्या दादऱ्यातलं गाणं तर सॉफ्टवेअर चारच्या हिशेबात मोजू पाहतं आणि भलताच बीपीएम (मिनिटाचे ठोके) दाखवतं. 174 ची लय 87 दाखवणं हे नेहमीचंच. अशा गाण्यांना सिंक बंद ठेवा, पिच (गाण्याचा वेग) हाताने धरा. रेकॉर्डवर वाजवलेल्याला हे येतंच. न वापरता गंजू देऊ नका.

रेकॉर्ड फाइलमध्ये उतरवताना

सुई लावण्याआधी रेकॉर्ड धुवा. टर्नटेबलचा वेग बदलणारी पट्टी, म्हणजे पिच फेडर, शून्यावर असल्याची खात्री करा. एसएल-1200 एमके2 वर तिथे हिरवा दिवा लागतो. अर्ध्या टक्क्याने सरकलेला फेडर त्या फाइलमध्ये कायमचा राहतो. खरखर घालवणारे फिल्टर जपून वापरा, कारण ते ढोलकीची थापही बोथट करतात. 16 बिट, 44.1 ची वेव्ह फाइल मिनिटाला साधारण 10 एमबी घेते. जागा वाचवायला कमी दर्जाचं एमपीथ्री करू नका. 320 केबीपीएसच्या खाली मोठ्या सिस्टिमवर झांजा फुटतात. गाण्याची माहिती टॅगमध्ये नीट टिकायला हवी असेल तर वेव्हऐवजी एआयएफएफ फाइल बरी.

पेनड्राइव्हवर जाताना

क्लबमधल्या पायोनियरच्या सीडीजे या प्लेअरवर वाजवणार असाल तर पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना एफएटी32 आणि एमबीआर पार्टिशन निवडा. जुनी मशिनं एक्सफॅट हा फॉरमॅट वाचत नाहीत. फाइली नुसत्या ओढून टाकू नका, पायोनियरच्या रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमधून एक्स्पोर्ट करा, नाहीतर क्यू (गाण्यात लावलेल्या खुणा) आणि ग्रिड घरीच राहतात. ई-8305 असा संदेश आला तर फाइलचा प्रकार मशिनला पटलेला नाही. 2012 च्या सीडीजे-2000 नेक्सस मॉडेलवर फ्लॅक फाइल चालत नाही, 2016 च्या नेक्सस टूवर चालते. तोच माल भरलेला दुसरा पेनड्राइव्ह खिशात हवाच.

लाल दिव्याबद्दल थोडक्यात: सॉफ्टवेअर, इंटरफेस, मिक्सर, तिन्ही ठिकाणी आवाज लालच्या खाली. डिजिटलमध्ये शून्य डेसिबलच्या वर जागाच नसते; फाटलेला आवाज पुढे कितीही कमी केला तरी फाटलेलाच ऐकू येतो.

लॅपटॉप हँग होणार, आज ना उद्या. म्हणून फोनमध्ये तासाभराचा तयार मिक्स आणि फोन जोडायची आरसीए तार मिक्सरच्या मोकळ्या लाइन चॅनेलला आधीच लावून ठेवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात रिंगटोन वाजेल.