बँकेने ‘सक्सेशन आणा’ म्हटलं तर

खातेदार गेला, मृत्युपत्र नाही, नॉमिनी नाही आणि ठेव मोठी, की काउंटरवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. रक्कम लहान असेल तर बँक क्षतिपूर्ती बंधपत्रावर (पुढे कुणी दावा केला तर भरपाई आम्ही देऊ, अशा लेखी हमीवर) भागवते. ते आधी विचारून घ्या. नाहीच जमलं तर उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजेच बँकेचं ते ‘सक्सेशन’. ते भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 खाली दिवाणी कोर्ट देतं, पण फक्त ठेवी, शेअर, बाँड यांसारख्या येण्यांसाठी. फ्लॅटला लागतो तो वारस दाखला वेगळा, त्याचा आधार 1827 चं मुंबई रेग्युलेशन. शेतीची वारस नोंद तलाठ्याकडे.

वकिलाकडे जायच्या आधी घरचं गोदरेजचं कपाट उपसा. पासबुकं, एफडीच्या पावत्या, डीमॅटचा उतारा, सगळं काढून बँक, शाखा, खाते क्रमांक, रक्कम अशी यादी करा. अर्जाच्या परिशिष्टात जे लिहिलं, तेवढ्यापुरतंच प्रमाणपत्र चालतं. सहा महिन्यांनी साडीच्या घडीत आणखी एक पावती सापडली, तर प्रमाणपत्र वाढवून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

मग वारसांची नावं. हिंदू पुरुष गेला असेल तर पत्नी, सगळे मुलगे, सगळ्या मुली आणि त्याची आई. ही आई, म्हणजे घरातली आजी, हयात असते, कोपऱ्यात बसलेली असते आणि नेमकं तिचंच नाव राहतं. ‘ताईचं लग्न झालंय, तिला कशाला?’ हे काकांचं म्हणणं कोर्टात चालत नाही. आधी वारलेल्या मुलाची मुलंही धरा.

कागदांवरची नावं ताडून पाहा. पासबुकात ‘सुमन’, आधारवर ‘सुमती’, असं असेल तर दोन्ही एकच व्यक्ती असल्याचं शपथपत्र लागतं.

मयत जिथे राहत होते तिथल्या कोर्टात अर्ज लागतो. इतर वारसांना नोटीस जाते, बहुधा पेपरातही जाहीर नोटीस येते. सगळ्यांची ना-हरकत शपथपत्रं आधीच जोडली तर तारखा वाचतात. कुणी हरकत घेतली तर मात्र लांबतं.

प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे पैसे तुमचे झाले, असं नाही. तो फक्त वसुलीचा अधिकार. बाकीच्यांचा हिस्सा द्यावाच लागतो. नॉमिनीचंही तेच. शेअरच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2023 मध्ये हे स्पष्ट केलं.

आणि प्रमाणित प्रती मागताना जितक्या बँका-कंपन्या, तितक्या एकदमच मागा.