राष्ट्रीय शिबिराचे बोलावणे येण्यापूर्वी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील ज्या मुली फुटबॉलच्या राज्य संघाच्या उंबरठ्यावर आहेत, त्यांच्या पालकांनी शूज-जर्सीआधी कागदपत्रांकडे पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावी झाले, त्यामुळे त्यापूर्वी जन्मलेल्या मुलीच्या दाखल्यावर जुने नाव आणि आधारकार्डावर नवे असते. शिवाय कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांतून फिरताना तिच्या नावातले एखादे अक्षर बदलते किंवा आडनाव मागे-पुढे होते. गावाच्या नावाचा उलगडा करता येतो. जन्मतारखेतील तफावत मात्र आजच दुरुस्त करावी, कारण वयोगटाची स्पर्धा जन्मतारखेवरच उभी असते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडील नोंदणीतही तीच तारीख असल्याची खात्री करावी. अठरा वर्षांखालील मुलीच्या पासपोर्टसाठी पालकांची संमती लागते; वडील फौजेत असतील, आणि आपल्याकडे अशी घरे पुष्कळ आहेत, तर सहीचे काम ते रजेवर आले असतानाच उरकावे.

सतरा वर्षांखालील मुलींची दक्षिण आशियाई स्पर्धा २०२५ मध्ये भूतानच्या राजधानीत, थिंफूला झाली आणि भारताने ती जिंकली. भारत, बांगलादेश, नेपाळ व भूतान प्रत्येकी दोनदा एकमेकांशी खेळल्याने प्रत्येक संघाला सहा सामने पडले. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, तर थिंफू २,३०० मीटरच्याही वर आहे. येळ्ळूरगडाची चढण धावून विरळ हवेची सवय होणार नाही, पण पाय आणि दम नक्की तयार होतील. तेथील मैदान कृत्रिम गवताचे आहे, म्हणून लाल मातीवर वाढलेल्या मुलीने आखूड स्टडच्या (तळाच्या खुंट्यांच्या) शूजवर आधीपासून सराव करावा. नवे शूज पहिल्यांदा सामन्यात घालू नयेत.

हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि पाळीच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. हे प्रशिक्षकांशी बोलताना मुलीला संकोच वाटू नये, ही जबाबदारी आपली आहे. सर्दीचे औषधसुद्धा संघाच्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण काही गोळ्यांतील स्युडोएफेड्रिन हे उत्तेजक द्रव्य ठराविक प्रमाणापलीकडे स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरचे संरक्षक, सक्तीचे आहेत. दागिने काढावेच लागतात, त्यावर चिकटपट्टी लावून चालत नाही. तेव्हा नाक टोचायचे ठरले असेल, तर ते स्पर्धेनंतरच टोचावे.